विद्यापीठ, माने बाई आणि न निवणारा रस्सा

“आरं, रस्सा निवाय लागलाय की! पावणं समोर बसल्यात आन रस्सा निवाय लागलाय! या घरात माणसं ऱ्हात्यात का दगडं?”

हा आवाज आमच्या आत्तीचा. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण; आमच्या घराची सरसेनापती, कोठावळी आणि न्यायाधीश. ती ओरडली की मंगळवार पेठेतली कबुतरं उडायची आणि थेट शिवाजी पुलावर जाऊन बसायची. त्या रविवारी ती ओरडत होती ते स्वयंपाकघराच्या बंद दाराबाहेर उभी राहून. आत टेबलावर दोन पातेली उघडी ठेवलेली. एकात तांबडा रस्सा, दुसऱ्यात पांढरा. दोन्हींत एकेक थर्मामीटर दोरीनं लोंबत होता. बाहेरच्या खोलीत विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे देसाई सर खुर्चीवर ताठ बसले होते, आणि आमच्या माने बाई दारापुढं हात आडवे पसरून आत्तीला अडवत होत्या.

“आत्याबाई, निवायलाच ठेवलाय तो,” माने बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

“निवायला? पावण्यासमोर?” आत्तीनं कपाळावर हात मारून घेतला. “बाई, तुमच्याकडं कुणी मेलं-बिलं हाय का?”

हे काय चाललं होतं ते सांगायचं तर आधी घर सांगायला पाहिजे. मी आता पंचेचाळिशीला टेकले आहे. हे काही आत्मचरित्राचं वय नाही असं लोक म्हणतात. पण आमच्या घराण्यात या वयाच्या पुढं आपलं कुणी ऐकून घेत नाही, तेव्हा जे सांगायचं ते आत्ताच. शिवाय माझे गुडघे नव्वदीचे आहेत. तर घर असं, की खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. गिरणी पहाटे सुरू व्हायची ती रात्री जेवायच्या वेळेला थांबायची, आणि तेवढा वेळ सबंध घर गुणगुणत असायचं. भांडी फळीवर आपोआप सरकायची. चहाच्या कपात कायम लाटा. भिंतीवरचा आजोबांचा फोटो वर्षभरात हलत हलत खिडकीपर्यंत जायचा आणि दिवाळीला आम्ही त्याला परत जागेवर आणायचो. या गदारोळात बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं, आणि मग ती सवय अंगात मुरली. माझे वडील, आण्णा, कानात सांगायची गोष्टसुद्धा अशी सांगत की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस मान डोलवायचा. एकदा मयताला गेले असता त्यांनी हळूच विचारलं, “किती वाजता उचलायचं?” तर पुढच्या चौकातल्या दुसऱ्या मयताची मंडळीही उठून उभी राहिली. आई मात्र बोलतच नसे. गिरणीशी स्पर्धा करण्यापेक्षा तिनं भुवया कामाला लावल्या होत्या. डावी भुवई वर म्हणजे पाणी आण, उजवी वर म्हणजे अभ्यासाला बस, आणि दोन्ही वर गेल्या की पळून जायचं.

पीठ तर सगळीकडं. आमच्या घरात काळं मांजर असं नव्हतंच. होतं ते करडं. माझी लेक हे लिहिताना मागं उभी राहून वाचते आहे आणि म्हणते, “आई, फोटो खिडकीपर्यंत जायचा हे जरा जास्त होतंय.” तिला काय कळतंय. ती फ्लॅटमध्ये वाढली.

आणि या घरात रविवार म्हणजे मटण. शनिवारी संध्याकाळी आत्ती वाटण करून ठेवायची. कांदा-खोबरं भाजलं की वास जिन्यावरून उतरून गिरणीत जायचा आणि दळण घेऊन आलेली माणसं पीठ विसरून तिथंच उभी राहायची. मग रविवारी सकाळी गॅसच्या एका चुलीवर तांबडा, दुसऱ्या चुलीवर पांढरा. तांबड्यावर तेलाचा लाल कट असा जाड, की त्यात तोंड बघून आण्णा मिशी सारखी करायचे. पांढरा नारळाच्या दुधाचा, दिसायला साधासुधा, सरळमार्गी, पण अंगानं फार नाजूक. एकदा उतरवला की पुन्हा चुलीवर चढवायचा नाही, नाहीतर फुटतो. पोटाच्या बाबतीत आत्तीचा धर्म एकच होता: पावण्याच्या ताटात गरम पडलं पाहिजे. वाटीतल्या रश्श्यातून वाफ निघत नसली तर ती वाटी तिच्या लेखी रिकामीच. एकदा तिनं व्याह्यांना, वाफ दिसेना म्हणून, जेवता जेवता तीनदा रस्सा बदलून दिला होता. त्यांची जीभ भाजली, पण सोयरीक टिकली.

आता शाळा. आमची मुलींची शाळा तिथंच, हाकेच्या अंतरावर. आत्तीच्या हाकेच्या म्हणजे बरंच अंतर झालं. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात दोन थर्मामीटर, काहीच ओढून न घेणारं एक लोहचुंबक, भिंग हरवलेला मायक्रोस्कोप आणि बाटलीतला बेडूक. तो बेडूक आमच्या मुख्याध्यापिकांपेक्षा सिनियर होता. मायक्रोस्कोपला डोळा लावला की आपल्याच पापण्या दिसायच्या, आणि आम्ही त्यांची आकृती काढून खाली ‘अमीबा’ असं लिहायचो. गणित आणि विज्ञान दोन्ही माने बाई शिकवत. बाई बारीक, चपळ, खांद्यावर कायम शाल, आणि शिकवण्याची हौस अशी दांडगी की मधल्या सुट्टीत डबा खाता खाता चपातीचा कोन मोजायला लावायच्या. पण प्रयोग करायला सामान नाही. त्यामुळं बाई प्रयोग तोंडी करत. “समजा, आपण निळा लिटमस बुडवला. समजा, तो लाल झाला.” आम्ही आपलं समजायचो. मी नववीत पोचले तोवर आख्खं विज्ञान समजून घेतलं होतं आणि त्यातलं काही म्हणता काही बघितलेलं नव्हतं.

अशात विद्यापीठाची योजना आली. विद्यापीठातले प्राध्यापक एका शाळेला जोडून घेणार, दर शनिवारी येऊन आमच्या शिक्षकांबरोबर गणित-विज्ञान शिकवणार, आणि खरीखुरी प्रयोगशाळा उभी करून देणार. आमच्या भागातून शाळा निवडायची एकच. गाळत गाळत शेवटी दोन उरल्या. आमची आणि पेठ वडगावची. परीक्षा अशी ठरली की विद्यार्थ्यांनी स्वतःच्या घरातल्या वस्तू घेऊन, स्वतःच्या घरात एक प्रयोग करून दाखवायचा आणि देसाई सर तो जागेवर येऊन बघणार. बाईंनी वर्गात हे सांगितलं. “पोरींनो,” त्या म्हणाल्या, “हे मिळालं तर मला परत कधी ‘समजा’ म्हणायला लागणार नाही.” एवढं बोलून त्यांनी शालीनं डोळे पुसले. मला तेव्हा काय झालं सांगता येत नाही, पण मी हात वर केला आणि म्हटलं, “बाई, आमच्या घरात करूया.” घर मोठं असल्यामुळं नव्हे. मटण आमच्याकडं हमखास असतं म्हणून.

प्रश्न माझाच होता आणि अजूनही मला त्याचा अभिमान आहे: तांबडा आधी निवतो का पांढरा? माझं म्हणणं, तांबड्यावर कटाचं पांघरूण असतं, वाफ बाहेर पडत नाही, म्हणून तो जास्त वेळ तापलेला राहणार. बाईंनी ऐकलं आणि मला मिठी मारली. दर दहा मिनिटांनी दोन्हींचं तापमान घ्यायचं आणि फळ्यावर आलेख काढायचा. लाल खडूनं तांबड्याचा, पांढऱ्या खडूनं पांढऱ्याचा. फळा शाळेतून उचलून आणायला आम्ही पोरी गेलो. आमच्या पेठेत चौकात फळे लावायची पद्धत जुनी. कुणी गेलं तर फळा, फुटबॉलची मॅच असली तरी फळा. त्यामुळं आम्ही डोक्यावर फळा घेऊन निघालो तशी माणसं टोप्या काढून बाजूला व्हायला लागली. पानपट्टीवाला हळहळून म्हणाला, “कोण गेलं गं?”

“कोण न्हाई. रस्सा निवणाराय,” मी म्हटलं.

“आरारा,” तो म्हणाला आणि त्यानंही टोपी काढली.

घरापर्यंत पोचेतो पेठभर झालं, की वडगावच्या पोरांनी रॉकेट बनवलंय आणि आपल्या पेठेची अब्रू गिरणीवाल्यांच्या मटणावर आहे. (वडगावच्या मुलांनी खरं म्हणजे गुळाच्या पाकाचा काहीतरी नीटनेटका प्रयोग केला होता. पण रॉकेट म्हटल्याशिवाय पेठेला जोर येत नाही.) तालमीतले दोघंजण आण्णांना येऊन म्हणाले, “आण्णा, पोरं उभी करायची का दारात?” आण्णांनी गिरणीच्या पट्टीत सांगितलं, “नको, विज्ञान हाय!” मग ते गेले, पण फार लांब गेले नाहीत.

रविवारी देसाई सर आले. उंच, बारीक, गोऱ्या कपाळावर जरासा लाल टिळा. लांबून बघितलं तर माणूस नव्हे, थर्मामीटरच चालत येतोय असं वाटावं. ते अतिशय काटेकोर. चप्पल काढली तीसुद्धा भिंतीला समांतर. त्यांनी पातेली मोजली, थर्मामीटरची दोरी मोजली, दोन्ही रस्से एकाच वेळी चुलीवरून उतरवून घेतले आणि म्हणाले, “वारा लागता कामा नये. माणसांच्या वावरानं फरक पडतो. तेव्हा दोन मोजण्यांच्या मध्ये स्वयंपाकघरात कोणीही थांबायचं नाही. दार बंद. दहा मिनिटांनी फक्त ही मुलगी आत जाईल, आकडा वाचेल आणि बाहेर येईल.” गिरणीही बंद ठेवाल का, असं त्यांनी विचारलं, पण रविवारची दळणाची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली, आण्णा म्हणाले, “सर, गिरण बंद केली तर लोक वर येतील.” सरांनी तो धोका पत्करला नाही.

आणि इथं आत्ती ओरडली. सुरुवातीला सांगितलं ते ओरडणं हेच. तिला कुणी काही समजावलं नव्हतं असं नाही. आदल्या रात्री मी समजावलं, बाईंनी समजावलं, आईनं दोन्ही भुवया वापरून समजावलं. आत्तीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला वाटलं की एवढी शिकलेली माणसं असं खुळ्यासारखं करणार नाहीत, आयत्या वेळी वाढतील. आता डोळ्यादेखत दार बंद झालं, पावणा उपाशी, आणि आत रस्सा उघडा. माने बाईंनी तिला कसंबसं थोपवलं. आत्ती सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“पावणं, तुम्हास्नी भूक न्हाई व्हय?”

“आहे की,” सर नम्रपणे म्हणाले. “पण आधी प्रयोग.”

आत्ती एकदम शांत झाली, “बरं बरं, चालू द्या,” म्हणाली आणि जिना उतरून गेली. आत्ती शांत झाली तेव्हाच कुणीतरी सावध व्हायला पाहिजे होतं. आमच्या स्वयंपाकघराला मागचं दार होतं, परसातून वर येणाऱ्या लोखंडी जिन्याचं. ते मला माहीत होतं, आण्णांना माहीत होतं, मांजराला माहीत होतं. सरांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी दार बंद करा म्हटलं, दारं म्हटलं नाही, आणि आमचंही डोकं त्या दिवशी फळ्याला चिकटलेलं.

पहिली एकदोन मोजमापं छान झाली. मी आत जायची, वाचायची, बाहेर येऊन ओरडून सांगायची, बाई टिंब मांडायच्या. दोन्ही रस्से नव्वदीवरून गुण्यागोविंदानं खाली यायला लागले. पांढरा जरा लवकर, तांबडा जरा सावकाश. अगदी माझं म्हणणं होतं तसं! बाईंचा चेहरा उजळला. मग मी पुन्हा आत गेले आणि तांबड्याचा पारा बघितला. पुन्हा बघितला. डोळे पदरानं पुसले (ओढणीनं म्हणायला पाहिजे, पण प्रसंग पदराचा होता) आणि बाहेर येऊन सांगितलं, “सर, वर गेलाय.”

“काय वर गेलाय?”

“तांबडा. मगाशी सत्तरीला होता. आता पुन्हा नव्वदीला हाय.”

सर हसले. लहान मुलीची चूक असं समजून त्यांनी स्वतः आत जाऊन बघितलं. बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. पुढच्या वेळी तांबडा थोडा निवला आणि त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा उसळला. फळ्यावर पांढरी रेघ सरळ, संस्कारी मुलीसारखी उतरत होती, आणि लाल रेघ म्हणजे पन्हाळा चढावा, उतरावा, पुन्हा चढावा. सर खुर्चीवरून उठले, येरझाऱ्या घालायला लागले. त्यांचा भांग विस्कटला. मला वाटतं जन्मात पहिल्यांदा. “मसाला!” ते पुटपुटले. “मसाल्यात काहीतरी प्रक्रिया चालू आहे. बाई, यात काय काय आहे?” आई बाजूलाच उभी होती, तिनं बोटं मोजून दाखवायला सुरुवात केली आणि बोटं संपली तरी मसाले संपले नाहीत. सर आणखीच हादरले.

बातमी जिना उतरून गिरणीत गेली. “रस्सा आपोआप तापतोय!” दळणाच्या रांगेतली माणसं डबे जागेवर ठेवून वर आली. जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. एक मावशी म्हणाली, आमच्याकडं सिलिंडर संपलाय, वाटीभर विरजणाला मिळेल का. दुसरीनं उंबऱ्यावर नारळ ठेवला. तालमीतल्या त्या दोघांतला एक पैलवान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “वडगावचं रॉकेट गेलं खड्ड्यात, भावा.” मला भावा म्हणाला. आमच्याकडं आनंदाच्या भरात पोरीलाही भावाच म्हणतात, आणि माझ्यासाठी तो सत्काराचा हार होता.

आणि मग देसाई सर, एवढे काटेकोर देसाई सर, माने बाईंच्या समोर उभे राहून हात जोडून म्हणाले, “बाई, मी असं कधी बघितलं नाही. तुमच्या शाळेचं नाव मी आजच कळवतो. हा रस्सा मी डब्यात घालून विद्यापीठात नेणार.” बाईंनी तोंडावर शाल धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला समोर प्रयोगशाळा दिसली. भिंग असलेला मायक्रोस्कोप दिसला. खरोखर लाल होणारा लिटमस दिसला.

फक्त ती पांढरी रेघ मला डसत होती. तांबडा उसळतोय तर पांढरा का नाही? मसाला असेल, पण मटण तेच, पाणी तेच, खोली तीच. आणि डोक्यात टक्कन वाजलं. पांढरा पुन्हा तापवला तर फुटतो. म्हणून त्याला कुणी हात लावलेला नाही. कुणी म्हणजे, तो फुटतो हे ज्याला माहीत आहे असं कुणी. मी गर्दीत आत्तीला शोधायला लागले. आत्ती नव्हती. घरात एवढा तमाशा आणि आत्ती नाही, हे म्हणजे मिरवणुकीत हत्तीच नाही.

आता मोठेपणा सांगायचा तर म्हणेन, सत्यासाठी माझा जीव तळमळला. खरं असं की मी घाबरले. हा रस्सा डब्यातून विद्यापीठात गेला आणि तिथं सगळ्या प्राध्यापकांसमोर मुकाट्यानं निवला तर? मंगळवार पेठेपासून पेठ वडगावपर्यंत आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गप्प बसले तर प्रयोगशाळा हातात, पण किती दिवस? आणि बोलले तर ती आत्ताच जाणार, आणि बाईंच्या शालीखालचं ते आनंदाचं रडू पुन्हा साधं रडू होणार. मी बाईंकडं बघितलं नाही. सरांकडं बघून म्हटलं, “सर, एकडाव आणि मोजूया. पण या वेळेला मी आत बसतो.” (कोल्हापूरची पोरगी ‘बसतो’च म्हणते.) “वारा लागू देत न्हाई. श्वासबी घेत न्हाई.”

सर परवानगी देतील असं वाटलं नव्हतं, पण ते त्या घडीला काहीही द्यायला तयार होते. मी आत गेले आणि पिठाच्या पिंपामागं उकिडवी बसले. दार बंद झालं. खाली गिरणी घरघरत होती. थोड्या वेळानं मागचं दार मांजराच्या पावलानं उघडलं आणि आत्ती आली. पदर खोचलेला, हातात सांडशी. पातेल्यावर वाकली आणि लेकराशी बोलावं तशी म्हणाली, “पाक गारठलास की रं माझ्या राजा.” मग गॅस पेटवला, पातेलं थर्मामीटरसकट उचलून वर ठेवलं, आणि शेजारच्या पांढऱ्याकडं बघून हळहळली, “तुझं काय करू? तू नाजूक पडलास.”

मी उठून “सापडलीस!” असं म्हणणार होते. म्हणाले असते तर प्रसंग भारदस्त झाला असता. पण पिंपाजवळ इतका वेळ नाक धरून बसल्यावर मला शिंक आली. आणि ती साधी नव्हती, आमच्या घराण्याची होती. पिंपाच्या झाकणावरचं सगळं पीठ उडालं. ढगातून मी उभी राहिले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. आत्तीनं मला बघितलं आणि अशी किंचाळली की त्या दिवशी कोल्हापुरात निम्म्या लोकांनी भोंगा समजून जेवायला सुट्टी घेतली. माझी लेक काही म्हणायच्या आत पुढं लिहिते.

दार धाडकन उघडलं. सर, बाई, आण्णा, आई, पैलवान, नारळवाली मावशी, सगळे दारात. गॅसवर तांबडा रटरटतोय, त्यात थर्मामीटर नाचतोय, शेजारी आत्ती सांडशी घेऊन. खाली आण्णांच्या माणसानं काय झालं म्हणून गिरणी बंद केली, आणि मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा भर दिवसा आमच्या घरात शांतता झाली. आजोबांचा फोटोसुद्धा थांबला.

“आत्याबाई,” सर अगदी हळू आवाजात म्हणाले, “हे कधीपासून?”

“तुम्ही जेवाय बसत न्हाईसा तवापासनं,” आत्ती म्हणाली. “मी गारढोण वाढायची व्हय पावण्याला?”

माने बाई मटकन खाली बसल्या. जिन्यावरची माणसं आपापले डबे घ्यायला निघाली. मावशीनं नारळही उचलून नेला. सरांनी फळ्यावरच्या लाल रेघेकडं बघितलं, मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या जागी जो पिठाचा पुतळा होता त्याच्याकडं. “तुला संशय कशावरून आला?”

मी पांढऱ्याचं सांगितलं. फुटण्याचं सांगितलं. खिशातून कंगवा काढून सरांनी भांग सरळ केला. मग म्हणाले, “ही मोजमापं रद्द. नाव कळवायला मला एक आठवडा आहे. पुढच्या रविवारी पुन्हा करा. स्वच्छ आली तर बघू. नाही आली तर वडगाव.” आणि ते जेवायला बसले. आत्तीनं त्यांना असा गरम रस्सा वाढला की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली आणि पुढचं सगळं जेवण त्यांनी आंधळ्यासारखं केलं.

पुढचा आठवडा घरात एकच चर्चा: आत्तीचं करायचं काय? तिच्याकडून शपथ घ्यायला आण्णा गेले तर ती म्हणाली, “हात लावणार न्हाई. पण पावणा आला तर माझा हात माझं ऐकत न्हाई.” दाराला कुलूप घालावं तर आत्ती कौलांवरून उतरली असती. शेवटी आण्णांनाच सुचलं. शनिवारी संध्याकाळी आत्ती नेहमीसारखं वाटण करत बसली होती, तिच्या शेजारी जाऊन ते सहज म्हणाले, म्हणजे पुढच्या गल्लीपर्यंत सहज म्हणाले, “आक्का, पन्हाळ्यावर एक बाई हाय म्हणं. पांढरा तुझ्यापेक्षा भारी करती.”

आत्तीचा वरवंटा थांबला. “कोण म्हणतंय?”

“लोक म्हणत्यात.”

रविवारी उजाडायच्या आत आत्ती पन्हाळ्याच्या एसटीत होती. पिशवीत स्वतःची वाटी घेऊन गेली होती, त्या बाईच्या वाटीचा भरवसा काय म्हणून.

त्या दिवशी वाटण आत्तीचं आणि रस्सा आईनं केला. सरांनी या वेळी दोन्ही दारं बंद करून घेतली, खिडकी बघितली, पिंपाचं झाकण उचलूनही बघितलं. गर्दी आली होती, पण जिन्याखाली थांबली; पैलवान पहिल्या पायरीवर हाताची घडी घालून उभा. मी आत जायची, वाचायची, बाहेर यायची. बाई एकेक टिंब मांडत गेल्या आणि सगळं झाल्यावर त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मी टिंबं जोडली. पांढरी रेघ आधी वाकत खाली आली. लाल तिच्यावरून, तिच्यापासून थोडं अंतर ठेवून, न घसरता, न उसळता, बाक घेत उतरली. आजवर पुस्तकातल्या असल्या रेघा मी गाइडमधून उतरवल्या होत्या. ही माझ्या हातानं, माझ्या घरात, माझ्या रश्श्यातून आलेली होती. मला रडू आलं आणि मी आत जाऊन पिंपामागं रडून आले, कारण ती जागा आता माझी झाली होती.

सर फळ्यासमोर उभे राहिले. “शाळेचं नाव कळवतो,” एवढंच म्हणाले. मग बाईंकडं वळून, “आकडे तुमच्या बाजूनं होते तेव्हा तुमच्या मुलीनं ते तपासले. आमच्याकडं हे शिकवायला वर्षं जातात.” माने बाई म्हणाल्या, “समजा—” आणि थांबल्या. मग इतक्या हसल्या की शाल खाली पडली. आण्णांनी खिडकीतून पेठेला निकाल ओरडून सांगितला. वडगावलाही ऐकू गेला असणार.

शेवटचं मोजमाप होईतो दुपार कलली होती. रस्सा गार, वरचा कट थिजून लाल साय झालेली. पण आनंदात आणि भुकेत कुणाला गरम करायचं सुचलं नाही. सर, बाई, आण्णा, आई, मी, पैलवान, सगळ्यांनी तसाच भाताशी कालवून ओरपला. तसलं जेवण मी नंतर कुठल्याच लग्नात जेवले नाही.

दिवेलागणीला आत्ती पन्हाळ्याहून परतली. ती बाई तिला सापडली नव्हती, पण तिच्या जागी तिनं दोन खाणावळींतला रस्सा नापास करून टाकला होता. दारातच आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. शाळा निवडली! प्रयोगशाळा येणार! प्राध्यापक येणार! सर अजून होते. त्यांनी तिचा हात धरून तिला फळ्यासमोर नेलं आणि अगदी आदरानं, पहिल्या टिंबापासून शेवटच्या टिंबापर्यंत बोट फिरवत सगळं सांगितलं. हा कट, हे त्याचं पांघरूण, ही उष्णता, ही अशी सावकाश जाते, आणि हे दाखवणाऱ्या या मुली. आत्तीनं पिशवी खाली ठेवली. लाल रेघ वरून खालपर्यंत नीट बघितली. पुन्हा एकदा बघितली.

“म्हंजे शेवटी निवलेलाच खाल्लासा,” ती म्हणाली.